विजेच्या वाद्यांमागचा वाद्यवृंद



जॅझमधला विजेचा काळ साधारणपणे १९६९ ते १९८२ असा धरला जातो. माइल्स डेव्हिसने आपल्या ट्रम्पेटच्या पाठीशी इलेक्ट्रिक पियानो आणि इलेक्ट्रिक गिटार आणली, जॉन मॅक्लॉफ्लिनने महाविष्णू ऑर्केस्ट्रा काढला, जो झाविनुल आणि वेन शॉर्टर यांनी वेदर रिपोर्ट उभा केला, हर्बी हॅनकॉकने फंकचा ठेका उचलला. या संगीताला पुढे फ्यूजन हे नाव चिकटले. ते वाजवणारे संच लहान होते, बहुतेक चार ते सहा जणांचे, आणि ॲम्प्लिफायरच्या जोरावर तेवढीच माणसे हजारो श्रोत्यांना पुरी पडत. गेली काही दशके याच रचना सोळा-अठरा वादकांच्या बिग बँडसाठी, क्वचित तंतुवाद्यांसह भरगच्च वाद्यवृंदासाठी, नव्याने लिहिल्या जात आहेत. त्यावर दोन तऱ्हेची मते ऐकू येतात. विजेच्या काळाचे चाहते म्हणतात, या संगीताची नखे काढून टाकली. जुन्या जॅझचे अभिमानी म्हणतात, चला, पितळी वाद्यांनी त्या गोंगाटाला अखेर शिस्त लावली. दोघेही एक गोष्ट धरून चालतात की विजेवरचा लहान संच आणि मोठा वाद्यवृंद ही परस्परविरोधी टोके आहेत. मला हे गृहीतकच चुकीचे वाटते. या संगीताच्या कर्त्यांचे कान वाद्यवृंदात तयार झाले होते आणि वीज ही कमी माणसांत वाद्यवृंद उभा करण्याची त्यांची युक्ती होती, असे माझे म्हणणे आहे. म्हणून मोठ्या संचासाठी केलेले पुनर्लेखन ही त्या संगीताशी प्रतारणा ठरत नाही. ते साधते कधी आणि फसते कधी, याची कसोटीसुद्धा याच इतिहासातून हाती लागते.

आधी माणसांकडे पाहू. झाविनुल आणि शॉर्टर पहिल्यांदा एकत्र आले ते १९५९ साली, मेनार्ड फर्ग्युसनच्या बिग बँडमध्ये. व्हिएन्नाहून नुकताच अमेरिकेत आलेला झाविनुल तिथे पियानोवर होता. वेदर रिपोर्टचा सर्वांत प्रसिद्ध बासवादक जॅको पास्टोरियस फ्लोरिडात पीटर ग्रेव्ह्ज याच्या ऑर्केस्ट्रात वाजवत घडला आणि अनेक वाद्यांसाठी लिहायचे कसे हे तिथेच शिकला. १९७८ मध्ये वेदर रिपोर्टमध्ये आलेला ड्रमर पीटर अर्स्किन त्याआधी स्टॅन केंटन आणि फर्ग्युसन या दोघांच्या बिग बँडमध्ये होता. हॅनकॉकने विजेकडे वळण्यापूर्वी, १९६८ साली, 'स्पीक लाइक अ चाइल्ड' या तबकडीत फ्लूगलहॉर्न, बास ट्रॉम्बोन आणि आल्टो फ्लूट एवढ्या तीनच वाद्यांच्या बळावर संयोजक गिल एव्हान्सच्या धाटणीचे गडद स्वरगुच्छ बांधले होते. आणि माइल्सबद्दल वेगळे सांगायला नको. 'माइल्स अहेड', 'पोर्गी अँड बेस', 'स्केचेस ऑफ स्पेन' या तीन तबकड्यांत एव्हान्सने लिहिलेल्या वाद्यवृंदापुढे उभे राहून त्याने आपला सूर पारखून घेतला होता. रॉकची लाट आली आणि जॅझवाले तिच्यात वाहून गेले, एवढ्यावर हा इतिहास आटोपता येत नाही. त्या लाटेत उतरताना प्रत्येकाच्या कानात एक वाद्यवृंद आधीच वाजत होता.

त्याची खूण खुद्द संगीतात सापडते. 'बर्डलँड' ही वेदर रिपोर्टच्या १९७७ च्या 'हेवी वेदर'मधली रचना बहुतेकांच्या कानावरून गेलेली असेल. नाव न्यूयॉर्कच्या त्या क्लबचे, जिथे झाविनुलने काउंट बेसीचा बँड ऐकला होता. सुरुवातीला सिंथेसायझरवर खर्जातली एक ओळ फिरत राहते. तिच्यावर जी पहिली चाल येते ती कुठल्या वाद्याची हे पहिल्या ऐकण्यात कळत नाही. ती पास्टोरियसची आहे. तो उजव्या हाताच्या अंगठ्याने तारेला हलकेच स्पर्श करून त्याच हाताच्या बोटाने ती छेडतो, त्यामुळे बासमधून मूळ सुराऐवजी वरच्या सप्तकांतले पातळ, शिट्टीसारखे स्वर उमटतात. मग सॅक्सोफोन आणि सिंथेसायझर एकत्र येऊन छोटे छोटे रिफ टाकू लागतात, एकावर एक थर चढतो आणि शेवटी सगळे मिळून तोच मुखडा घोळवत राहतात. बेसीच्या बँडमध्ये सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन आणि ट्रम्पेट यांचे ताफे एकमेकांना सवाल-जवाब करत जे करीत, तेच हे. या रचनेत लांबलचक सोलो नाही आणि तिचा डोलारा पूर्णपणे मांडणीवर उभा आहे. तीन वर्षांनी आलेल्या 'नाइट पॅसेज'मध्ये तर या मंडळींनी ड्यूक एलिंग्टनची 'रॉकिन इन रिदम' घेतली आणि बिग बँडच्या सुवर्णकाळातली ही रचना सिंथेसायझरवर वाजवली. इतका स्पष्ट कबुलीजबाब दुसरा कोणता हवा?

झाविनुलची रचना करण्याची रीतही ध्यानात घ्यायला हवी. तो कीबोर्डवर मोकळेपणाने वाजवायचा, ते टेपवर घ्यायचा आणि मग त्यातला हव्या त्या तुकड्याचा स्वर न् स्वर कागदावर उतरवायचा. उत्स्फूर्त वाजवलेली गोष्ट अशी लिखित होत होती आणि गटातल्या वादकांत ती वाटली जात होती. आमच्यात सगळेच सदासर्वदा सोलो वाजवतात आणि कुणीच वाजवत नाही, अशा अर्थाचे त्याचे एक बोलणे प्रसिद्ध आहे. ही वृत्ती वाद्यवृंदकाराची आहे. १९६६ साली कॅननबॉल ॲडर्लीच्या गटात असताना 'मर्सी, मर्सी, मर्सी'साठी त्याने इलेक्ट्रिक पियानो घेतला तेव्हा त्याला नवा रंग मिळाला होता. सिंथेसायझर आल्यावर त्याच्या बोटांखाली रंगांची अख्खी पेटी आली.

माइल्सच्या 'बिचेस ब्रू'ची गोष्ट आणखी बोलकी आहे. ऑगस्ट १९६९ मध्ये तीन दिवसांत न्यूयॉर्कला हे ध्वनिमुद्रण झाले. दोन ड्रमर, शिवाय तालवाद्ये, दोन बास, गिटार, बेनी मॉपिनचा बास क्लॅरिनेट, शॉर्टरचा सोप्रानो सॅक्सोफोन, आणि काही रचनांत तीन-तीन इलेक्ट्रिक पियानो. याला लहान संच कोण म्हणेल? माइल्सने वादकांना थोडेसे स्वर आणि एखादी लय दिली, बाकी हाताच्या खुणांनी चालवले. नंतर निर्माता टिओ मॅसेरो याने टेप कापून, जोडून, काही तुकडे पुन्हा पुन्हा फिरवून त्या वादनाला आकार दिला. झाविनुलची 'फेअरोज डान्स' आज आपण जशी ऐकतो तशी त्या खोलीत सलग कधीच वाजली नव्हती, तिचा आकार कापण्याच्या पात्याखाली घडला. म्हणजे इथे संयोजकाचे काम झाले, फक्त वादन संपल्यावर झाले. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो आणि शेवटी मी त्याकडे परत येणार आहे.

मग हे लोक मोठ्या बँडसाठी सरळ लिहीत का नव्हते? कारण परवडत नव्हते. १९४६ च्या डिसेंबरात बेनी गुडमन, हॅरी जेम्स, टॉमी डॉर्सी, वुडी हर्मन अशा बड्या बँडप्रमुखांनी काही आठवड्यांच्या अंतराने आपापले बँड मोडले. त्यानंतर पंधरा-सोळा माणसांचा पगार, प्रवास आणि मुक्काम यांचा बोजा फार थोड्यांना पेलला. जे टिकले त्यांत डॉन एलिससारखे प्रयोगशील लोकही होते. त्याने हरिहर राव यांच्याबरोबर हिंदुस्तानी जॅझ सेक्स्टेट चालवला होता आणि १९६७ मध्ये 'इलेक्ट्रिक बाथ' ही तबकडी बिग बँडबरोबरच काढली. बिग बँड आणि वीज यांचे वाकडे नव्हते, हे तेव्हाही दिसत होते. वाकडे होते ते हिशेबाशी.

आता एकाच रचनेची दोन रूपे जवळून पाहू, कारण तिथे तर्काची गरज उरत नाही. पास्टोरियसची 'थ्री व्ह्यूज ऑफ अ सीक्रेट' ही तीन मात्रांच्या लयीतली रचना 'नाइट पॅसेज'मध्ये आहे. तिथे शॉर्टरचा टेनर सॅक्सोफोन, झाविनुलची कीबोर्ड आणि स्वतः पास्टोरियसचा पडद्यांविना बास असे गटातले नेहमीचेच वादक आहेत, आणि सिंथेसायझर मागे जी भरणी करतो ती ऐकताना व्हायोलिन आणि हॉर्न यांची जागा तो राखून ठेवतो आहे असे वाटते. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, पास्टोरियसने ती 'वर्ड ऑफ माउथ'साठी पुन्हा लिहिली. आता राखलेल्या जागांवर खरी वाद्ये आली आणि मुख्य चाल टूट्स टीलेमान्सच्या माउथ ऑर्गनकडे गेली. रचनाकार तोच, मधले अंतर जेमतेम वर्षाचे. दोहोंपैकी मूळ कोणते आणि रूपांतर कोणते, हा प्रश्न इथे निरर्थक होतो. मला दुसरे रूप अधिक पूर्ण वाटते, आणि त्याचे श्रेय वाद्यांच्या संख्येइतकेच माउथ ऑर्गनच्या निवडीला आहे. एवढ्या मोठ्या वाद्यवृंदापुढे इतके लहान वाद्य ठेवल्यामुळे त्या चालीतला एकटेपणा हरवला नाही.

कसोटी इथेच मिळते. विजेच्या वाद्याने मूळ रचनेत नेमके कोणते काम केले होते, हे ओळखून तेच काम दुसऱ्या साधनाने करून घ्यायचे. स्वर जसेच्या तसे उतरवून पितळी वाद्यांना वाटून दिले, तर सांगाडा हाती लागतो. नुसता मागे मखमली पडदा सोडला, तरी काही साधत नाही. महाविष्णू ऑर्केस्ट्राची १९७४ ची 'ॲपोकॅलिप्स' हे दुसऱ्या चुकीचे उदाहरण मानावे लागेल. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा, संचालक मायकेल टिल्सन थॉमस, निर्माता जॉर्ज मार्टिन, वाद्यवृंदलेखन मायकेल गिब्जचे, यापेक्षा मोठी नावे जमवणे कठीण. त्यातले काही तुकडे विलक्षण सुंदर आहेत. पण बराच वेळ सिंफनी वाजते, मग ती थांबते आणि बँड सुटतो, मग पुन्हा सिंफनी. दोन बिऱ्हाडे एका छपराखाली राहतात, पण चूल एक होत नाही. मॅक्लॉफ्लिनच्या रचनांचा प्राण त्यांच्या वेगवान, एकत्र धावणाऱ्या ओळींत आणि अठरा किंवा वीस मात्रांच्या तिरक्या आवर्तनांत आहे, आणि त्या ओळी वाद्यवृंदाच्या वाट्याला फारशा येत नाहीत.

त्याच साली गिल एव्हान्सने जिमी हेंड्रिक्सची गाणी घेतली. दोघांनी एकत्र काम करण्याचे घाटत होते, पण सप्टेंबर १९७० मध्ये हेंड्रिक्स गेला. हेंड्रिक्स रॉकचा, हे मान्य. पण विजेच्या गिटारीतून जे जे निघू शकते ते सगळे त्याने काढून दाखवले होते, म्हणून आपल्या प्रश्नाची परीक्षा इथेच सर्वांत कडक होते. 'वूडू चाइल'मध्ये मुख्य चाल हॉवर्ड जॉन्सनच्या ट्यूबाकडे दिली आहे. निवड वेडेपणाची वाटते, आणि तिथेच तिचे शहाणपण आहे. हेंड्रिक्सची गिटार गुरगुरते, सूर खालून ओढत वर नेते, स्वराला खरखर आणते. ट्यूबा श्वासावर चालतो. ओठ सैल-घट्ट करून सूर ओढता येतो, घशातली घरघर त्यात मिसळता येते. ट्रम्पेटला चाल दिली असती तर ती स्वच्छ, चकचकीत आणि निर्जीव झाली असती. गिटारीचे स्वर घेण्यापेक्षा तिची वागणूक घेणे अधिक मोलाचे, हे तिथे समजले होते. आणि दोन इलेक्ट्रिक गिटारी व सिंथेसायझर त्या संचात होतेच. वीज हद्दपार झाली नव्हती.

हाच धागा २००५ मध्ये व्हिएन्नाला पुढे गेला. झाविनुलच्या स्वतःच्या बर्डलँड या क्लबात कोलोनच्या डब्ल्यूडीआर बिग बँडबरोबर जे कार्यक्रम झाले ते 'ब्राउन स्ट्रीट' या नावाने आले. लेखन व्हिन्स मेंडोझाचे, कीबोर्डवर झाविनुल, बासवर व्हिक्टर बेली. ठेक्याचा गाभा विजेवर आणि लहानच ठेवला आहे, हे इथले पहिले शहाणपण. फंकमध्ये एका मात्रेचे चार भाग काटेकोर पडावे लागतात. पितळी वाद्यात फुंकर मारल्यापासून सूर उमटेपर्यंत किंचित वेळ जातो, आणि असे तेरा लोक एकत्र फुंकू लागले की लय जड होण्याचा धोका असतो. ठेका लहान संचाकडे सोपवून पितळी वाद्यांना रंग, दाब आणि प्रत्युत्तर ही कामे दिली की तो टळतो. दुसरे शहाणपण 'इन अ सायलेंट वे'मध्ये दिसते. झाविनुलची ही रचना १९६९ मध्ये माइल्सने घेतली तेव्हा तिच्यातले बहुतेक स्वरमेळ काढून एका स्थिर सुरावर तिला तरंगत ठेवले होते. ते रूप अजरामर झाले, यात शंका नाही. पण बिग बँड हाताशी आला की त्या चालीखाली रचनाकाराच्या मनात काय काय होते, ते पुन्हा मांडण्याची संधी मिळते.

आता आक्षेप. पहिला, आणि सर्वांत प्रामाणिक, असा की विजेच्या संगीतात धोका होता. आवाज फाटायचा, यंत्रे बिघडायची, पुढच्या क्षणी काय होईल हे कुणालाच ठाऊक नसायचे. सोळा जणांपुढे छापील कागद ठेवले की तो धोका जातो. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि अनेक सुबक, गुळगुळीत पुनर्लेखनांना ते लागू पडते. पण लेखन आणि धोका यांचे नाते इतके सरळ नाही. एलिंग्टन अमुक एका माणसासाठी लिहायचा, त्या माणसाच्या लकबीसकट. लिखित ओळीतला धोका वादकाच्या निवडीतून येतो. पाल्ले मिकेलबोर्गने माइल्सच्या नावातल्या अक्षरांवरून स्वर काढून 'ऑरा' रचली. ती १९८५ मध्ये कोपनहेगनला डॅनिश रेडिओ बिग बँडबरोबर मुद्रित झाली आणि खुद्द माइल्स तीत वाजवतो. आजूबाजूला एवढे लेखन असूनही त्याचा ट्रम्पेट सावध झालेला वाटत नाही. उलट, लिहिलेल्या भिंतीला टेकून तो अधिक बेफिकीर होतो.

दुसरा आक्षेप: जुन्या तबकड्या आहेत तशा उत्तम आहेत, त्या ऐकाव्यात आणि नवे काही रचावे. याचे उत्तर आपल्याला आपल्या संगीताच्या सवयीतून सहज समजेल. बंदिश चार ओळींची असते. ती वेगवेगळ्या घराण्यांत, वेगवेगळ्या गळ्यांत फिरते आणि त्या फिरण्यातच तिचा कस लागतो. जुन्या जॅझमधल्या चालींचेही तसेच झाले. फ्यूजनमध्ये मात्र रचना, तिचा आवाज आणि तिचे ध्वनिमुद्रण एकमेकांत इतके वितळले की तबकडी हाच अंतिम पाठ ठरला. त्यामुळे त्या काळातल्या फार थोड्या रचना इतरांच्या हाती फिरत्या झाल्या. मोठ्या संचासाठी लिहिताना रचनेला तिच्या मूळ आवाजापासून सोडवावेच लागते, आणि मग तिच्यात किती जीव आहे ते कळते. निकाल दर वेळी अनुकूल लागतो असे नाही. हॅनकॉकची १९७३ ची 'कमेलियन' शाळा-कॉलेजांचे बँड हौसेने वाजवतात, पण तिची ती बासची ओळ ट्यूबा आणि बॅरिटोन सॅक्सोफोनवर आली की सिंथेसायझरमधला तो चिकट, आकसत जाणारा स्वर गळून पडतो आणि उरते ते फारच थोडे असते. त्या रचनेत आवाज हीच रचना होती. हे सांगण्यात हॅनकॉकचा उणेपणा नाही. उलट तिथे वीज किती खोल रुजली होती हे कळते. झाविनुलची 'अ रिमार्क यू मेड' मात्र कुठल्याही संचात तग धरते, कारण तिच्या चालीला आवाजाच्या टेकूची गरज नाही.

संयोजकाच्या या कामाबद्दल आपल्याकडे परकेपणा वाटण्याचे कारण नाही. सी. रामचंद्रांच्या गाण्यांत चिक चॉकलेट यांचा हात होता, शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या चालींना सेबॅस्टियन डिसूझा यांनी वाद्यवृंदाचे रूप दिले. चाल एकाची आणि भरणी दुसऱ्याची, ही वाटणी मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याच्या वादकांनी वर्षानुवर्षे निभावली आणि त्यांना श्रेयनामावलीत जागा क्वचितच मिळाली. फ्यूजनच्या पुनर्वाचनातही मुंबईचा थेट सहभाग आहे. २००८ मध्ये बॉब बेल्डन यांनी 'माइल्स फ्रॉम इंडिया' काढली तेव्हा माइल्सचे जुने साथीदार आणि भारतीय वादक एकत्र आले, त्यांत मुंबईचे लुई बँक्स होते. शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू यांनी तर हॅम्बुर्गच्या एनडीआर बिग बँडबरोबर आपले संगीत मांडले आहे.

हॅम्बुर्ग, कोलोन, फ्रँकफर्ट, कोपनहेगन आणि हॉलंडचा मेट्रोपोल ऑर्केस्ट्रा ही नावे या विषयात पुन्हा पुन्हा येतात. हे संच सार्वजनिक नभोवाणीतून किंवा सरकारी अनुदानातून उभे राहिले आणि वादकांना नियमित पगार देत आले. १९४६ मध्ये जो हिशेब जुळेना, तो तिथे जुळवून घेतला गेला. महाविष्णूच्या रचना त्या गटाचा ड्रमर बिली कॉबहॅम याला घेऊन बिग बँडवर आणणारा कॉलिन टाउन्सचा प्रकल्पही फ्रँकफर्टच्या एचआर बिग बँडनेच केला. तिरक्या आवर्तनांत मोठा संच मुरायला भरपूर तालमी लागतात, आणि तालमींना पैसा लागतो. मेट्रोपोलसारख्या संचांच्या अनुदानावर गदा येते तेव्हा एका नोकरीबरोबर संगीताची एक संपूर्ण वाट बंद होण्याची वेळ येते. म्हणून अशा संचांसाठी सार्वजनिक पैसा खर्च व्हावा, असे मी ठामपणे म्हणेन.

करण्याजोगे काम अजून पुष्कळ आहे, आणि सर्वांत अवघड भाग तर बराचसा अस्पर्श आहे. 'बर्डलँड' परत बिग बँडकडे नेणे सोपे होते, फर्ग्युसनने ती १९७८ मध्येच वाजवली. पण माइल्सचे १९७२ ते १९७५ मधले संगीत, विशेषतः ओसाकाला १ फेब्रुवारी १९७५ रोजी मुद्रित झालेले 'आघार्ता', तिथे कोणती चाल लिहून काढणार? तिथे ठेक्याचे थर आहेत, आणि माइल्सने हात वर करताच सगळा बँड एका क्षणात गप्प होतो आणि पुन्हा उसळतो. मॅसेरोचे पाते इथे मंचावर आलेले दिसते. मोठ्या संचाने या संगीताकडे जायचे तर याच दाराने जावे, असे मला वाटते. संचालक बुच मॉरिसने १९८५ पासून पुढे हाताच्या आणि काठीच्या खुणांची एक पूर्ण भाषा तयार केली होती. त्या खुणांवर वादक एखादा तुकडा धरून ठेवतात, पुन्हा घेतात, मध्येच तोडतात, दुसऱ्याच्या ओळीची नक्कल करतात. कागदावर फार थोडे आणि संचालकाच्या हातात बरेच, अशा पद्धतीने वीस वादकांनी 'आघार्ता'तला एखादा ठेका धरला, तर टेपवर वादनानंतर झालेले काम श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर, वादन चालू असताना होईल. त्यासाठी असा संचालक हवा ज्याला मॅसेरोने कापलेले जोड कानाने ओळखता येतात, आणि असे वादक हवेत जे सलग काही आठवडे एकत्र बसून त्या खुणा अंगी मुरवायला तयार आहेत.